सात नंबरची नळी

ईमेल आला तेव्हा साक्षी पंचवटी कारंजावर अडकून पडली होती. गाडीवर असताना फोन बघायचा नाही असं ती रोज स्वतःला बजावायची, पण समोर भाजीबाजारातून निघालेला कोबीचा टेम्पो आडवा झाला होता, त्याच्यामागे रिक्षा, रिक्षामागे यात्रेकरूंची अख्खी बस, आणि कुणी म्हणून मागे घ्यायला तयार नव्हतं. मग तिने फोन काढला. पुण्याच्या लॅबचा रिपोर्ट होता. तिने पाठवलेल्या जंतूचा डीएनए वाचून त्यांनी त्याचं नाव कळवलं होतं. लॅक्टोबॅसिलस फर्मेंटम. जुळणी नव्याण्णव पूर्णांक आठ टक्के. तिने ते नाव परत एकदा वाचलं. हे काहीतरी भलतंच होतं. तिच्या जंतूचं नाव ब्रेव्हिस. सहा वर्षं ती त्याच्यावर काम करत होती, प्रबंधाच्या पहिल्या पानावर ते नाव जाड अक्षरात छापून तयार होतं, प्रबंध अठ्ठावीस तारखेला द्यायचा होता आणि आज एकवीस होती. त्यापुढे मुदतवाढ नव्हती, मागून झाल्या होत्या सगळ्या. "ओ ताई, झोपल्या का?" मागून कुणीतरी ओरडलं. टेम्पो कधीच गेला होता. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि गाडी पुढे घेतली, आणि गाडी चालवताना तिच्या मनात आलं, की आता आपल्या हातापायातलं बळ जायला पाहिजे. पोटात गोळा यायला पाहिजे. आता येईल, मग येईल, म्हणत ती वाट बघत राहिली. काही आलं नाही. उन्हं हँडलवर पडली होती, हात कोरडे होते, आणि फुलवाल्याकडच्या झेंडूचा वास येत होता तो नेहमीसारखाच येत होता.

हे असं चार महिने चाललं होतं. पप्पा गेले त्या सकाळीसुद्धा. चहाचा कप हातात घेऊन खुर्चीत बसलेले, कप तसाच राहिला आणि ते नाहीत. आईने हंबरडा फोडला, शेजारच्या बायका धावून आल्या, आणि साक्षीने काय केलं, तर त्यांच्या हातातला कप काढून घेतला, ओट्यावर ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावला. तिचा तो थंडपणा कॉलनीतल्या बायकांनी पाहून ठेवला. पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला एक मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडून घे गं माझे बाई, असं साठवू नये." साक्षीने मान हलवली. साठवायला आत काही असतं तर ना! शिकलेली पोर, कोरडीच असायची, असं मागे कोण म्हणालं तेही तिने ऐकलं, आणि तेही खरंच असेल असं तिला वाटलं. त्या दिवशी डिपार्टमेंटमधले सगळे आले होते. बोरस्ते सर, म्हणजे तिचे गाईड, दोन मिनिटं चांगलं बोलले. सावळीराम पगारे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे हात होते, असं म्हणाले. एकतीस वर्षं परिचर. नळ्या धुणं, जंतू ज्यावर वाढतात ते जेलीसारखं आगर शिजवणं, आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जंतू जुन्या नळीतून नव्या नळीत हलवणं. साहेब बदलायचे, विद्यार्थी डिग्र्या घेऊन निघून जायचे, नळ्या मात्र पप्पांच्या. तारेचं टोक बर्नरवर लाल करायचं, काचेला टेकवून निववायचं, जुन्या नळीतून इवलंसं उचलायचं आणि नव्या नळीतल्या तिरक्या आगरावर नागमोडी ओढायचं. त्यांचा हात इतका हलका, की आगराला ओरखडा म्हणून उमटायचा नाही. आणि कुणी बघत नसलं की नळी नाकाशी न्यायचे. जंतू हुंगायचे नसतात, पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे सांगतात. पप्पांना कोण सांगणार? सगळ्यांदेखत ते तिला 'मॅडम' म्हणायचे, तेही चेहरा अगदी सरळ ठेवून. "मॅडम, तुमची सात नंबर आज जरा रुसलीय." तिला इतकी लाज वाटायची तेव्हा, आणि आत्ता ती लाज आठवली तरी तिच्या जागी नुसतं काहीतरी पांढरं, आगरासारखं.

सात नंबर हीच ती. गंगापूरकडच्या एका वायनरीतून आणलेल्या द्राक्षांच्या चोथ्यातून साक्षीने तेरा जंतू वेगळे केले होते, त्यातला सातवा कामाचा निघाला. काम म्हणजे काय, हे पप्पांना तिने एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. काही अल्कोहोलं अशी असतात, की त्यांचे रेणू दोन तऱ्हांचे होतात, डाव्या आणि उजव्या पायातल्या चपलेसारखे. सगळं तेच, पण हिच्या जागी ती बसत नाही. औषधाला त्यातली एकच चालते. दुसरी वाया, कधीकधी घातकही. कारखान्यात नुसत्या रसायनांनी करायला गेलं तर दोन्ही निम्म्या-निम्म्या होतात. एकच हवी तर महागडे धातू लागतात, जहाल द्रावकं लागतात, आणि उरलेलं विष कुठे ओतायचं हा घोर वेगळाच. जंतूला यातलं काहीच नको. पाणी, थोडी साखर, अंगाला सोसेल इतकी ऊब. त्यात कच्चा माल सोडायचा, दोन दिवस हलवत ठेवायचं, की तो एकाच पायाची चप्पल करून देतो. पप्पांचा घास हातातच राहिला होता. "आणि दुसऱ्या पायाची?" "ती तो जवळजवळ करतच नाही, पप्पा." "म्हणजे त्याला ठाऊक असतं?" "ठाऊक काय असणार! त्याच्या आतली घडणच तशी." पप्पांनी तो घास एकदाचा तोंडात घातला, मग म्हणाले, "एकतीस वर्षं भांडी घासली त्यांची, एकानं बोलून नाही दाखवलं." आणि आपल्याच विनोदावर डोळे पुसेपर्यंत हसले. साक्षीला हे सगळं वाघाडीच्या वळणावर आठवलं आणि लक्षात आलं, की आपण कॉलेजकडे निघालोच नाही आहोत. गाडी परत घराकडे वळली होती. कधी वळवली देव जाणे.

कारण एक आकडा तिच्या डोक्यात येऊन बसला होता. लॉकडाऊनच्या आधी सात नंबर शंभरात एक्क्याऐंशीपर्यंत शुद्धता द्यायचा, म्हणजे तेवढ्या चपला हव्या त्या पायाच्या. बरा होता, ग्रेट नव्हता. त्या मार्चमध्ये ती महिनाभराच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली आणि तिथेच हॉस्टेलवर अडकली, ती थेट जूनपर्यंत. कॉलेज बंद, मजल्याचा मेन स्विच कुणीतरी हुशारीने उतरवून वर कुलूप घातलेला, त्यामुळे डीप फ्रीजरमधला राखीव साठा पाणी होऊन गेला. बाकीच्यांचे जंतू दणकट होते, महिनोन्महिने सुकून पडले तरी उठून बसणारे. तिचा नाजूक. पंधरा दिवस चुकले की गेला. रोज फोनवर एकच, "पप्पा, सात नंबर तेवढी सांभाळा." "सांभाळतो गं बाई." जूनमध्ये ती परतली तर नळी जागेवर, तिच्या अक्षरातल्या लेबलसकट, आत तोच पांढरट ओघळ. सूक्ष्मदर्शकाखाली तेच आखूड दांडके. आणि पहिल्याच प्रयोगात शुद्धता नव्याण्णव! तिने चार वेळा करून पाहिलं. नव्याण्णव. सर तर खुर्चीतून उठलेच. मग तिने ते का झालं असावं यावर प्रबंधात तीन पानं लिहिली. उपासमारीच्या ताणाखाली जंतूत झालेलं अनुकूलन, संदर्भ अठ्ठावीस. सरांनी त्या तीन पानांवर समासात 'सुंदर' असं लिहिलं होतं.

आई पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. "काय गं, डबा राहिला का?" साक्षी तिच्यासमोर खाली बसली आणि दोन काड्या उगाच हातात घेतल्या. "आई, लॉकडाऊनमध्ये पप्पा कॉलेजला जायचे तेव्हाचं तुला आठवतं?" "न आठवायला काय झालं. होळकर पुलावर अडवायचे त्यांना, आयकार्ड दाखवलं तरी अर्धा-अर्धा तास उन्हात उभं. पण हे काय ऐकतात! पोरीच्या नळ्या, पोरीच्या नळ्या." "माझी नळी मेली होती का गं तेव्हा?" आईचा हात थांबला. तिने मान वर केली नाही, पण कान लाल झाले, लहान मुलीचे व्हावेत तसे. "तुला कोणी सांगितलं?" "मेली होती ना?" "मेली होती," आई म्हणाली. "चैत संपत आलता, आधी पंधरा-वीस दिवस पुलावरून सोडलंच नव्हतं त्यांना. दुपारचे आले आन् हितं, ह्या ओट्याला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, पाणी देऊ का? तर तोंड फिरवलं. रडत होते गं. तुझी आजी गेली तेव्हा नाय रडले इतके रडले. मी म्हटलं, अहो, जंतू मेला तर मेला, कितीक मरतात. तर म्हणले, लता, पोरीनं माझ्या भरवशावर ठिवला होता."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. साक्षी ऐकत होती, शिट्टीही आणि आईही. आईने आता मेथीची जुडी बाजूला सारली होती, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदाचं निघतंय म्हटल्यावर तिला हलकंही वाटत असावं. "मी रातभर आंबवलेली नागलीची आंबील घुसळत होते. उन्हाळाच तो. त्यांना वास आला. मडक्यावर वाकले, हुंगलं, पुन्हा हुंगलं. म्हणले, लता, हाच. हाच वास त्या नळीचा. माझं नाक नाय खोटं बोलायचं. आन् घेतलं बाटलीत पळीभर अन् निघाले तसेच, जेवले पण नाय. चार दिवस जात होते. म्हणले, ताटलीत पाच येगळे-येगळे निघालेत, त्यातला एक खरा, बाकीचे लबाड. मी म्हटलं, आन् तुम्ही करताय ती लबाडी नाय का? तर लय चिडले माझ्यावर. म्हणले, लबाडी कशी? तोच हाय तो. द्राक्षातपण राहत होता, आपल्या घरी पण राहत होता. तुला सांगू नको म्हणले. पोर खचंल, आन् मोठे लोक म्हणतील परिचरानं हात लावला." मग आईने भीतभीत विचारलं, "तोच होता ना गं?" "नाही, आई," साक्षी म्हणाली. "दुसराच होता." आईने पदर तोंडाला लावला. "म्हंजी तुझं सगळं वाया गेलं?" साक्षीला नाही म्हणायचं होतं, पण तिला ते खरोखरच माहीत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की तिला राग आलाय. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं आणि तो राग होता, मेलेल्या माणसावरचा. इतकी वर्षं समोर बसून जेवत होतात, मॅडम मॅडम करत होतात, ती तीन पानं मी तुम्हाला वाचून दाखवली, तुम्ही 'वा' म्हणालात, एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला! पण तो रागही टिकला नाही. तिने मेथीच्या काड्या परत जुडीत ठेवल्या आणि तोंड धुऊन कॉलेजला गेली.

बोरस्ते सरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, परत घालून वाचला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि हातून एक पोरगी नीट पार पडावी एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पोरगी सावळीरामची असल्यामुळे जरा जास्तच होती. साक्षीने सगळं सांगितलं. आपण दुसऱ्या कुणाचं तरी सांगतोय अशा आवाजात सांगितलं, आंबिलीसकट. सर एकदाच "अरे देवा" म्हणाले आणि मग कामाला लागले. "हे बघ, घाबरू नको. घाबरायचं काही कारण नाही. काम खोटं नाहीये. नव्याण्णव टक्के आहे ते आहे, कुणीही करून बघावं. फक्त नाव बदलतं. एक पानाचं पत्र जोडू आपण, विद्यापीठ घेतं असं पत्र. नळ्यांची अदलाबदल झाली. होतं असं." ते टाइप करत होते आणि ती खिडकीतून सायकल स्टँडकडे बघत होती. प्रिंटर कुरकुरला. पत्र मराठीत होतं, चार ओळींचं. टाळेबंदीच्या काळात प्रयोगशाळा परिचराच्या अनवधानाने मूळ जंतूच्या नळीत अन्य जंतूचा शिरकाव झाला असून, ही बाब संशोधक विद्यार्थिनीच्या निदर्शनास नुकतीच आली आहे. "अनवधान शब्द सौम्य आहे," सर म्हणाले. "कुणाला लागत नाही. आणि साक्षी, ते आता... म्हणजे, त्यांना यातून त्रास होण्याचा प्रश्न नाही. इथे सही कर."

तिने पेन घेतलं. खरं म्हणजे पत्रात धडधडीत खोटं असं काही नव्हतं, आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं. परिचर होते, टाळेबंदी होती, दुसरा जंतू आला होता. सही केली की अठ्ठावीस तारखेला प्रबंध जाईल, दिवाळीच्या आत तोंडी परीक्षा, आणि मग डॉक्टर साक्षी सावळीराम पगारे, त्यांच्या नावासकट. पप्पांनी तर हेच म्हटलं असतं. कर की सही, मॅडम, काय बघत बसलीस. ते स्वतः असते तर खाली मान घालून 'चुकलं साहेब' म्हणून मोकळे झाले असते, दहा वेळा म्हणाले असते. तिला एकदम त्या चार दुपारांतली प्रयोगशाळा दिसली, तिने कधीच न पाहिलेली. पंखा बंद, वीज बंद, सगळ्या मजल्यावर एक माणूस. आगर शिजवायचं कशावर, तर बर्नरवर. उबवायचं कुठे, तर इन्क्युबेटर बंद, म्हणजे खिडकीशी उन्हाच्या कडेला, तासातासाने ताटली सरकवत. आगर ओतलेल्या ताटलीवर पाच तऱ्हांचे ठिपके. पाचही पांढरे. आणि तो माणूस एकेक उचलून वेगळा करतोय, एकेक हुंगतोय, चार बाजूला ठेवतोय आणि एक घेतोय. हे अनवधान? आयुष्यात कुणी कशाकडे इतकं लक्ष दिलं नसेल. साक्षीने तेरा जंतू काढले तेव्हा तिच्याकडे यंत्रं होती, पुस्तकं होती, सर होते, आणि तिला एक्क्याऐंशीचा मिळाला होता. त्यांनी नाकाने नव्याण्णवचा शोधला. तोही चुकून, मेलेला परत आणतोय असं समजून.

"सर," ती म्हणाली, "शिरकाव नाही झाला. त्यांनी निवडला तो." सरांनी मान हलवली, समजूत घालताना हलवतात तशी. "ते आपलं घरातलं झालं, साक्षी. कागदावर वासाने निवडला असं कसं लिहिणार? लोक हसतील." "हसू देत." "हसण्यावर थांबत नाही ना! जंतू तू वेगळा केलेला नाहीस असं म्हटलंस, की तुझं पहिलं प्रकरण गेलं. शीर्षक गेलं. समितीपुढे जावं लागेल, आणि मुदत अठ्ठावीसला संपते. परत नोंदणी. परत पहिल्यापासून. वय काय तुझं?" "एकतीस." "मग? आणि हे कुणासाठी? सावळीरामला हे आवडलं असतं असं वाटतं तुला?" "नाही," साक्षी म्हणाली. "अजिबात आवडलं नसतं." आणि तिने पत्राची घडी घातली, एक, दोन, तीन, इतकी लहान की पुढे घडी बसेना, आणि ती सरांच्या टेबलावर ठेवली. तिला धैर्य वगैरे काही वाटत नव्हतं. भीतीही वाटत नव्हती. फक्त एवढंच, की ती सही तिच्याच्याने होत नव्हती.

सरांनी ती घडी बोटाने बाजूला सरकवली. मग त्यांनी मोठा श्वास सोडला आणि कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला. देशाच्या जंतूसंग्रहालयात सात नंबर कायमचा ठेवायचा होता, त्याचा फॉर्म साक्षीने मागच्या आठवड्यात भरून ठेवला होता. "हा तर आधी दुरुस्त करावा लागेल. बोल. जंतूचं नाव?" "फर्मेंटम." "स्रोत?" "नागलीची आंबील. घरगुती. पंचवटी, नाशिक." ते एका बोटाने टाइप करत होते. "वेगळा कुणी केला?" "सावळीराम भिकाजी पगारे." त्यांचं बोट कीबोर्डवर थांबलं, मग एकेक अक्षर उमटत गेलं. "पदनाम." तिथे यादीतून निवडायचं होतं. प्राध्यापक, शास्त्रज्ञ, विद्यार्थी. सरांनी ती यादी खालपर्यंत नेली, वर आणली, परत खाली नेली. "परिचर नाहीये यात," ते म्हणाले, आणि ते इतक्या हळू म्हणाले की साक्षीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "'इतर' करा, सर." त्यांनी 'इतर' केलं. "संपर्क क्रमांक?" साक्षी सांगू लागली. शाळेपासून पाठ असलेला नंबर, विचार न करता तोंडातून येत गेला, अठ्ठ्याण्णव, बावीस, चाळीस, आणि पुढचे दोन आकडे सांगून झाल्यावर ती थांबली. "पुढे?" सर म्हणाले. "त्या नंबरवर ते उचलणार नाहीत, सर," ती म्हणाली. "पप्पा वारले." सरांना ते माहीत होतं, सरांनी खांदा दिला होता. पण चार महिने हे लोकच तिला सांगत आले होते, तिने स्वतः एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आत्ता ते तोंडातून बाहेर पडलं तसा तिचा हात टेबलाची कड शोधू लागला. "पप्पा वारले, सर," तिने पुन्हा सांगितलं, सरांना अजून कळलंच नाही असं समजून, आणि खुर्ची कुठे आहे ते तिला दिसेना.